टाकाऊ म्हणजे काय गो?

‘घरातली एखादी टाकाऊ वस्तू घ्या’ अशी सुरुवात करून ज्याने पहिल्यांदा कलाकृती शिकवली, तो गृहस्थ रत्नागिरीत कधी आलेला नसणार. आमच्याकडे टाकाऊ वस्तूच नसते. वस्तू दोन प्रकारच्या. एक वापरात असलेली आणि दुसरी ‘राहू दे, लागेल कधीतरी’ म्हणून माळ्यावर गेलेली. शेजाऱ्यांनी नेऊन परत न केलेल्या वस्तू हा तिसरा प्रकार काहीजण सांगतात, पण त्या आपल्याच असतात. फक्त त्यांचा मुक्काम दुसरीकडे असतो.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ असायचं तेव्हाही हीच पंचाईत. बाईंनी करवंट्या आणायला सांगितल्या की घरून उत्तर यायचं, “मग बंबात काय घालू, तुझं प्रगतिपुस्तक?” महत्प्रयासाने मिळवलेल्या एका करवंटीचा ससा व्हायचा, त्याला दहापैकी सहा गुण मिळायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ससा बंबात जाऊन अंघोळीचं पाणी तापवायचा.

तर अशा घरात माझी पुतणी मुंबईहून कलेचं शिक्षण संपवून एप्रिलात आली, ती मिक्स्ड मीडिया आणि हातकागद अशी दोन खुळं घेऊन. जिल्ह्याला चित्रकार नवे नाहीत. सावर्ड्याला आणि देवरुखला कला महाविद्यालयं आहेत. एसटीत मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन, शेजारच्या कोंबडीवाल्याला अर्ध्या बाकड्यावर ढकलणारं पोर आमच्याकडचा कंडक्टर रोज बघतो. पण पुतणीला नुसती चित्रं काढायची नव्हती. तिला ‘रोजच्या जगण्यातून इन्स्पिरेशन’ हवं होतं.

मिक्स्ड मीडिया म्हणजे काय, हे तिने आमच्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, नीट समजावून सांगितलं. एकाच कामात रंग, कागद, कापड, सुतळी, माती, पत्रा, हाताला लागेल ते वापरायचं.

“म्हणजे आपल्या मागल्या पडवीसारखं,” आई म्हणाली.

पुतणीला वाटलं, आजी चेष्टा करतेय. आई मुळीच चेष्टा करत नव्हती. मागल्या पडवीचं छप्पर मूळचं कौलारू. फुटल्या कौलांच्या जागी पत्रा. पत्र्याला भोक पडलं तिथे डांबर लावलेलं गोणपाट. गोणपाटावर निळं प्लास्टिक, त्यावर कुठल्याशा निवडणुकीतला फ्लेक्स, त्यातल्या उमेदवाराच्या अर्ध्या मिशीवर स्कूटरचा टायर आणि टायर वाऱ्याने जाऊ नये म्हणून त्यावर जांभ्याचा चिरा. १९१२ साली पिकासोने एका चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं, भोवती खराखुरा दोर गुंडाळला, आणि कलेच्या इतिहासात क्रांती झाली असं म्हणतात. झाली असेल. आमच्याकडे ही क्रांती दरवर्षी मिरगाच्या आधी होते. तिला आम्ही शाकारणी म्हणतो.

पुतणीने पडवीचे फोटो काढले. हातकागदाचं मात्र फोटो काढून भागत नाही, त्याला कच्चा माल लागतो, आणि कच्चा माल म्हटल्यावर आमच्या घरात युद्धाला तोंड फुटतं.

कागद मूळचा चिंध्यांचा. लाकडापासूनही कागद होऊ शकेल, असं युरोपात रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ साली सुचवलं, तेही गांधीलमाश्या लाकूड चावून चावून आपलं घर बांधतात ते बघून. त्याआधी तिकडे कागद म्हणजे जुनी सुती-तागी कापडंच. आमच्या माळ्याच्या आढ्याला गांधीलमाश्यांचं असं एक राखाडी कागदी पोळं आहे. फणसाच्या जुन्या दाराचं लाकूड खरवडून त्यांनी ते बांधलंय, आणि इन्स्पिरेशनबद्दल त्यांच्याकडून आजवर कुणी चकार शब्द ऐकलेला नाही. आपल्याकडे जुन्नरचा कागद नावाजलेला होता. दौलताबादेजवळ कागदीपुरा नावाचं गावच आहे आणि पुण्यात कसबा पेठेतही कागदीपुरा आहे. ताग, गोणपाट, जुने दोर चुन्यात भिजवून कुटायचे, लगदा पाण्याच्या हौदात ढवळायचा, साचा बुडवून त्यावर एक पातळ थर अलगद उचलायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुढे १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली. हल्ली हातकागदाला मुख्यतः होजियरीच्या कारखान्यातल्या सुती कातरणी लागतात.

“आजी, सुती चिंध्या आहेत का गं?” पुतणीने विचारलं.

हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो. सुती पातळाची आमच्याकडे भली मोठी नोकरी असते आणि निवृत्तीचं वय ठरलेलं नसतं. पातळ जुनं झालं की आधी बाहेर नेसायचं ते घरात येतं. मधे विरलं की दांड घालून पुन्हा उभं राहतं. तेही झेपेना झालं की काठ उसवून पिशवीचे बंद होतात. धुवून धुवून मऊसूत झालेला भाग गल्लीत कुणी बाळंत झालं की दुपट्यांना जातो आणि उरलेला गोधडीत. गोधडी फाटली की आतला थर बाहेर येऊन कोकमाचं आगळ गाळायला बसतो. पुढे चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं, मग पुसणं, मग पायपुसणं, मग पोतेरं. पोतेऱ्याचं शेवटचं पोस्टिंग म्हणजे मोरीच्या भोकातला बोळा.

या बोळ्यापर्यंत पोचलेल्या कापडात कापड असं काही उरलेलं नसतं. चुना आणि मुसळ या दोघांनी महिनाभर खपून जे करायचं, ते आमच्या घराने तीस वर्षांत फुकट केलेलं असतं. पुतणीच्या पारखी नजरेने ते लगेच हेरलं.

“आजी, हा बोळा मला दे ना. तयार लगदाच आहे हा.”

“आणि मोरीतून साप आला म्हणजे? तुझा कागद दाखवू त्याला?”

चिंध्यांचा विषय मिटला. मग रद्दी. तिथेही ओढाताण. आंब्याच्या दिवसांत रद्दी म्हणजे राखीव साठा. एकेक फळ गुंडाळायला, खोक्याच्या तळाला, मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायच्या कोकमांभोवती. पावसाळा लागला की ओल्या बुटांत कोंबायला, कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला, छत्री निथळते तिथे. रद्दीवाल्याच्या तराजूत जाते ती या साऱ्यातून उरलेली रद्दी, आणि तिच्यासाठीसुद्धा आई रद्दीवाल्याशी पंधरा मिनिटं भांडते.

शेवटी पुतणीच्या हाती लागल्या त्या लग्नपत्रिका. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तीन दशकांच्या पत्रिका होत्या. त्यातली काही लग्नं आता मोडलीही होती, पण पत्रिका शाबूत. कारण सोपं आहे. प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो. गणपती असलेली पत्रिका फाडायची कशी? केरात टाकायची कशी? बंबात घालायची कशी? महाराष्ट्रातल्या घराघरांतून हा पेच वर्षानुवर्षं साठत चाललाय आणि अजून एकाही छापखान्याला त्यावर तोडगा सुचलेला नाही. आमच्या घरी चर्चेअंती तडजोड झाली. कात्री गणपतीच्या कानाला न लागेल अशी चालवायची, गणपती वेगळे काढून पुन्हा डब्यात ठेवायचे आणि खालची मंडळी, म्हणजे वर, वधू, त्यांचे आईवडील, निमंत्रक, भोजनाची वेळ, हे सगळं लगद्यात घालायचं.

मिक्सर मिळणार नाही हे उघड होतं. ज्या भांड्यात उद्या खोबऱ्याची चटणी वाटायची, त्यात कुणाचं लग्न वाटायचं नाही. म्हणून चुन्याच्या पाण्यात दोन दिवस भिजवलेल्या पत्रिका अंगणातल्या जुन्या उखळात कुटल्या. साचा म्हणून आजोबांच्या तसबिरीची रिकामी चौकट घेतली. चाळणीला माडाची जाळी. झावळीच्या बुडाशी तपकिरी, विणल्यासारखी जी जाळी येते, ती फाटू नये अशी बेताने सोडवली आणि चौकटीवर ताणली.

पहिला ताव निघाला तो मी हातात घेऊन पाहिला. रंग धुरकट गुलाबी. पोत जाडाभरडा, कडा कुरतडल्यासारख्या. जाळीच्या आडव्या-उभ्या दोऱ्यांचे वळ पाठीवर स्वच्छ उमटलेले. सोनेरी छपाईची पूड सगळीकडे विखुरलेली आणि लगद्यात पुरती न विरघळलेली दोन-चार अक्षरं मधूनच वर आलेली. एका कोपऱ्यात ‘चि. सौ. कां.’मधला नुसता ‘कां.’ होता. मधोमध ‘हस्ते परहस्ते’ यातलं एक ‘हस्ते’. आणि खाली उजवीकडे, छोट्या मंडळींच्या चिवचिवाटातून सुटून आलेलं, ‘यायचं हं’.

जर्मनीत कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार ट्रामची तिकिटं, पाकिटं, चॉकलेटचे कागद असलं काय काय चिकटवून चित्रं करायचा. एका चित्रात जाहिरातीच्या शब्दाचा ‘मेर्त्झ’ एवढाच तुकडा उरला, तर त्याने आपल्या सगळ्या कामाचं नावच ते ठेवून दिलं. पुतणीनेही ठरवून टाकलं, आपल्या मालिकेचं नाव ‘यायचं हं’. नाव ऐकून आई म्हणाली, “मग पाहुण्यांना जेवायला काय करायचं तेही आत्ताच ठरव.”

श्विटर्सला रत्नागिरीच्या स्टँडवर आणायला हवं होतं, पण पूर्वी. कंडक्टरच्या ट्रेमधली रंगीत तिकिटं आणि त्याच्या चिमट्याची टकटक होती तेव्हा. आता मशीनचं तिकीट येतं. ते राजिवड्यापर्यंत जाईतो फिकट होतं आणि वर्षाने त्यावर तुम्ही कुठून कुठे गेलात याचा पुरावा राहत नाही. मात्र या कागदाला उष्णता लागली की तो काळा होतो. पुतणीने गरम चमच्याच्या टोकाने त्यावर माड काढले. फार सुरेख आले. मला विचाराल तर तिच्या सगळ्या कामात उत्तम तेच, आणि टिकणार नाही तेही तेच.

मे महिना आला आणि गच्चीवर दुसरं युद्ध पेटलं. कागद वाळवायला ऊन हवं. ऊन आईच्या नावावर. तिथे आंब्याची साठं, फणसाचे पापड, कोकमाची सालं, मिरच्या, अशी उन्हाची इंच इंच वाटणी झालेली असते. पुतणीचे ताव टाकीच्या बाजूच्या पट्ट्यात, साठांच्या शेजारी. आई उकिडवी बसून तूप लावलेल्या ताटात रस पसरत होती आणि पलीकडे नात चौकट पालथी करत होती.

“काय करतेस ते बघू,” आई म्हणाली. बघितलं. “अगो, हे तर साठंच. रस काढायचा, थर द्यायचा, वाळवायचा, सोडवायचा. माझं निदान खाता येतं.”

वाद घालायला जागाच नव्हती. कडेने सुटत आलेलं साठं आणि कडेने सुटत आलेला कागद एकाच लयीत हलत होते. संध्याकाळी शेजारचे अण्णा गच्चीवर गप्पा मारायला आले, सवयीने वाकले, एका तावाचा कोपरा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि आईला म्हणाले, “यंदा साखर जरा कमी पडली हो, वहिनी. पण चोथा चांगला लागतो.” कुणाचं लग्न खाल्लं ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

रंगाचंही असंच. विकतचा रंग नको, इथलाच हवा. कोकमाचं आगळ घरात होतंच. त्या लालभडक आगळात पुतणीने मोठ्या आशेने ताव बुडवला. बाहेर आला तो शेवाळी, मधे मधे निळसर. कोकमातला लाल रंग आंबटपणाच्या आश्रयानेच लाल राहतो. कागदात चुना मुरलेला, त्यामुळे गाठ पडताच त्याने रंग बदलला. आईला हे रसायनशास्त्र पाठ आहे. सोलकढीचा डाग साबण लावताच निळा पडतो, हे तिने चार सुनांना सांगून झालंय. मग काजूच्या बोंडाचा रस लावला, केळीच्या सोपाचा चीक लावला. केळीचा डाग तर कागदावर आला तसाच पुतणीच्या कुर्त्यावर, गच्चीच्या कठड्यावर आणि माझ्या लेंग्यावरही आला, आणि कागद सोडून बाकी सगळीकडे पक्का बसला. वाळूला मात्र तोड नाही. मांडवीकडे काळा समुद्र, मिऱ्याकडे पांढरा समुद्र. एकाच गावात काळी आणि पांढरी वाळू फुकट, फक्त पिशवीतून घरात आणताना ती गळते आणि मग केरसुणी कुणी घ्यायची हा प्रश्न उरतो.

जूनमध्ये पाऊस लागला. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि तो बहुतेक सगळा या चार महिन्यांतच. या दिवसांत आमच्याकडे मीठ ओलं, पापड मऊ, काडेपेटी निकामी आणि दारं फुगलेली. कागदीपुऱ्यात ओला ताव भिंतीवर वाळवत, आमच्या भिंतींनाच कुणी वाळवायला हवं असतं. तावांवर बुरशी आली. आधी पांढरी, मग हिरवी, मग काळे ठिपके. पुतणीने ती भिंगातून पाहिली आणि ‘टेक्श्चर’ म्हणून वहीत नोंदवली. आईने ती बिनभिंगाची पाहिली आणि फडकं आणलं. खळीच्या वासाने कसर आली. तेव्हा मी बाजारातून मोरचूद आणून दिलं, कारण जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत. घरात माझा तेवढाच एक सल्ला मानला गेला.

१९२५ साली माक्स अर्न्स्ट नावाचा चित्रकार समुद्रकाठच्या एका खानावळीत पावसामुळे अडकला होता. फळ्यांच्या जमिनीवरच्या रेषांकडे बघत बसला, त्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि त्यातून त्याला जंगलं, पक्षी, काय काय दिसू लागलं. ही गोष्ट ऐकून पुतणी जांभ्याच्या चिऱ्यांवर कागद घासत सुटली. जांभ्यात भोकंच भोकं. त्यामुळे प्रत्येक चित्र चाळणीचं आलं. पण एकात मला भाट्याची खाडी दिसली, आईला त्याच चित्रात दिवंगत आत्ते दिसल्या, आणि दोघांचंही म्हणणं खोडता येईना. अर्न्स्ट आमच्याकडे उतरला असता तर पहिल्या संध्याकाळीच त्याला विचारलं गेलं असतं, “बसूनच आहात ना? मग एवढे वाल सोला.”

जांभ्यावर खरं काम करून गेले ते कातळशिल्पवाले. उक्षीचा हत्ती, कशेलीचा तो अवाढव्य हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले मासे नि प्राणी, बारसूची चित्रं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी सड्यावर आलं, पायाखालचा कातळ हाच कागद धरला आणि कोरत सुटलं. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुतणीला तिथे नेलं होतं. तिथे कागद ठेवून घासायचा नसतो, एवढं तिला सांगावं लागलं नाही. ती नुसती उभी राहिली. एवढं करून त्यांनी सही कुठे केली असेल, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून यापुढे कलेवर आपण बोलू नये असं मी ठरवलं.

माझ्या मते मात्र आमच्या घरातली सर्वांत थोर कलाकृती सड्यावर नाही, स्वयंपाकघरात आहे. ती म्हणजे कालनिर्णय. १९७३ साली मालवणच्या जयंतराव साळगांवकरांनी ते सुरू केलं, तेव्हा चौकटीत एवढी मोकळी जागा कशासाठी सोडावी लागणार, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. यंदाच्या ऑगस्टचं पान घ्या. दोन तारखेला ‘गॅस लावला’. पाचला निळ्या शाईत ‘बेणणी, ३ गडी’. रोज दुधाची एक बारीक बरोबरची खूण, फक्त दोन ठिकाणी फुली. नारळी पौर्णिमेच्या खाली ‘नारळ पाडले ४२’, त्यातला ‘४२’ खोडून ‘४०’, आणि उरलेले दोन कुणी नेले त्याचं नाव, पण ते इथे लिहिता येणार नाही. हळदीचा एक अंगठा. पागोळीचा थेंब पडून लाल छपाई गुलाबी फुटलेली. एकादशीच्या चौकटीत एक डास कायमचा वास्तव्याला. भोकाशी दोन वेळा चिकटपट्टी, तिच्यावर सुतळी. छापील अक्षर, शाई, हळद, पाणी, कीटक, दोर. सहा माध्यमं, आणि एकातही उगाचपणा नाही.

हे माझं मत पुतणीने मनावर घेतलं. गणपतीत घरी चाकरमानी येतात, तेव्हा ओटीवर तिने आपली मालिका लावायची ठरवली. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमचं मखर कागदी पुठ्ठ्याचंच असतं, यंदा ते तिच्या गुलाबी तावांचं झालं. ज्या पत्रिकांतून गणपती कापून काढला, त्याच पत्रिकांच्या कागदाखाली शेवटी गणपती बसला. आईला ही गोष्ट फार आवडली, तिने शेजारणींना बोलावून दाखवली. बाकीचे ताव ओटीच्या भिंतीवर, सुतळीने टांगलेले. आणि अगदी टोकाला, आजोबांच्या त्या रिकाम्या चौकटीत, कुणालाही न विचारता, ऑगस्टचं पान.

दुपारी वाडीतला एक मुलगा दर्शनाला आला. तो मुंबईत जाहिरात कंपनीत आहे. ‘यायचं हं’वरून त्याची नजर पटकन पुढे गेली आणि ऑगस्टपाशी थांबली. मान तिरकी करून त्याने बराच वेळ बघितलं. डासाजवळ नाक नेलं. मग पुतणीला म्हणाला, “काय लेअरिंग आहे! हे विकायला आहे?”

पुतणी काही बोलणार तेवढ्यात मोदकाचं ताट घेऊन आई बाहेर आली. चष्मा वर करून तिने चौकटीकडे पाहिलं.

“अगो, हे इकडे होय! दोन दिवस शोधतेय मी. दूधवाला हिशोबाला खोळंबलाय.” आणि ताट त्या मुलाच्या हातात देऊन, चौकट भिंतीवरून उतरवून ती आत गेली.

“आजी, पण किंमत?” तो मागून ओरडला.

आतून पुटपुटणं ऐकू आलं. एकतीस वजा दोन, एकोणतीस, साठ रुपये दराने. मग आईचा खणखणीत आवाज आला.

“सतराशे चाळीस!”

त्याने मोदकाचं ताट माझ्याकडे सोपवलं, खिशातून फोन काढला आणि विचारलं, “जीपे चालेल ना?”